तिन्ही पाळ्यांची पंगत

झाशीच्या रेल्वे ऑफिसात मी कारकून म्हणून लागले तेव्हा बड्या दिवसाच्या पार्टीची प्रथा जुनी झाली होती. गोऱ्या साहेबांच्या काळापासून ती चालत आली होती. साहेब गेले, त्यांच्यामागे राहिलेली अँग्लो-इंडियन कुटुंबंही एकेक करून निघून गेली, पण नाताळच्या आठवड्यात एका संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर कागदी पताका लागायच्याच. केक कापला जायचा, मोठे साहेब चार शब्द बोलायचे, सामोसे वाटले जायचे. बायका फारशा जात नसत. मी दोन वर्षं गेले आणि दोन्ही वर्षं शाल लपेटून एका खुर्चीवर बसून परत आले.

आमचं ऑफिस कंट्रोलच्या इमारतीत होतं. कंट्रोल म्हणजे अशी जागा, की झाशीहून फुटणाऱ्या प्रत्येक मार्गावर या घडीला कुठली गाडी कुठे आहे, कुणी थांबायचं आणि कुणाला पुढे सोडायचं, हे तिथे बसून टेलिफोनवर ठरवायचं. प्रत्येक मार्गाचा एक कंट्रोलर. कानाला हेडफोन, पुढ्यात रेघांचा लांबरुंद तक्ता, हातात रंगीत पेन्सिल. त्या मार्गावरच्या सगळ्या स्टेशनांना एकच लाइन असायची, त्यामुळे एक जण बोलला की बाकीच्यांना सगळं ऐकू जायचं. दिवसरात्र तीन पाळ्या चालत आणि ती खुर्ची कधी रिकामी राहत नसे. पार्टीच्या वेळी जे त्या खुर्चीत असायचे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात घातलेले गार सामोसे मिळायचे.

त्या वर्षी नवे मोठे साहेब आले होते. मद्रासकडचे, बोलायला मोजके. दरवर्षी पार्टी करणारे आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, यंदा मुलीचं लग्न काढलंय, मला या भानगडीतून मोकळं करा. साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावून विचारलं, पार्टीबद्दल कुणाला काही सुचवायचंय का? नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हणाले, "सर, आपली पार्टी ज्यांना सुट्टी असते त्यांची असते. ज्यांच्यामुळे गाड्या चालतात ते त्या वेळी कामावर असतात."

खोलीत कुणी खोकलं. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"मग कशी करायची?"

"तिन्ही पाळ्यांना धरून."

"करता येईल?"

"येईल," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर बडे बाबू माझ्यामागून जिना उतरत आले. मनाने सरळ माणूस, पण डोक्याला हात लावूनच चालले होते. "बहनजी, पार्टी एका संध्याकाळची गोष्ट असते. तुम्ही तर लंगर लावायला निघालात!"

मला खरंच भीती वाटली नव्हती. आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला पहिली पंगत उठायच्या आत दुसरीची पानं मांडलेली असायची, आणि लग्न झाल्यापासून ते सगळं मी बघत होते. खंडेराव गेटच्या आसपास आमची जी काही मराठी घरं उरली होती ती सगळी त्या दिवशी आमच्याकडे जेवायची. शंभर माणसांना गरम वाढायचं तर चूल पंगतीजवळ हवी आणि माणसांना चालत यायला लागू नये, एवढं मला कळत होतं. म्हणून पहिला निर्णय तिथल्या तिथे घेतला. क्लबची हिरवळ रद्द. पार्टी कंट्रोलच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली.

दुसरी गोष्ट वेळेची. त्यासाठी मी जेवणाच्या सुट्टीत कंट्रोलच्या खोलीत जाऊन बसू लागले. बरुआसागर, मऊरानीपूरकडे जाणाऱ्या मार्गावर एक वयस्क कंट्रोलर होते, टहरौलीकडच्या गावातले. त्यांना सगळे दद्दा म्हणत. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. मला ते 'बिन्नू' म्हणायचे. बुंदेलीत लेकीला, धाकट्या बहिणीला लाडाने तसं म्हणतात. त्यांनी मला एक जास्तीचा हेडफोन देऊन शेजारी बसवलं.

"काए बिन्नू, गाड्या कधी कमी असतात ते बघायचंय ना? बघ. दुपारी पाळी बदलते त्याच्या जरा मागेपुढे हा मार्ग डुलकी काढतो."

ते खरं होतं. त्या शाखेवर तेव्हा वाफेचीच इंजिनं धावत, आणि दुपारच्या पॅसेंजरनंतर तासभर तरी काही नसायचं. पाळी बदलताना सकाळचे लोक निघत असतात, दुपारचे येत असतात, आणि रात्रीचे झोपून उठलेले असतात. तिन्ही पाळ्या एकत्र सापडायची ती एकच वेळ. एकच अडचण उरली. दुपारच्या पाळीचा माणूस एकदा खुर्चीत बसला की त्याला उठवायचं कसं? मी साहेबांकडे गेले.

"सर, तुम्ही पूर्वी कंट्रोलर होतात असं ऐकलंय."

"होतो. पुष्कळ वर्षं झाली."

"मग त्या दिवशी तुम्ही आणि बाकीचे अधिकारी एकेका खुर्चीत थोडा वेळ बसा. तेवढ्यात ते जेवून घेतील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जास्तच बोलून गेले. मग ते म्हणाले, "आधी दोन दिवस मला सराव करावा लागेल." आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात ते सकाळी लवकर येऊन दद्दांच्या शेजारी बसायला लागले.

पार्टीची बातमी एव्हाना लाइनवर पसरली होती. एके दुपारी मी हेडफोन लावून बसले असताना दद्दा कुठल्याशा मालगाडीची वेळ लिहून घेत होते. तेवढ्यात बरुआसागरच्या पलीकडच्या एका अगदी लहान स्टेशनचा मास्तर मध्येच बोलला, "कंट्रोल, सुना है बड़ी दावत हो रही है। हमारा हिस्सा?" लगेच पाचसहा स्टेशनांवरून हसण्याचे आवाज आले. दद्दाही हसले. "तेरे लिए पत्तल उठाके रखेंगे," असं म्हणून त्यांनी पेन्सिल उचलली.

"दरवर्षी विचारतात," ते मला म्हणाले. "थट्टा आहे."

थट्टाच होती. पण घरी जाताना रिक्षात मी त्या स्टेशनचा विचार करत होते. एकदा गाडी तिथे थांबलेली असताना मी ते पाहिलं होतं. एक खोली, एक पाण्याची टाकी, दूरवर चण्याची शेतं, आणि गाडी हलली की बाकी कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवून टाकलं की या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनला जेवण जाईल. दुपारची पॅसेंजर सगळीकडे थांबते. गार्डच्या डब्यात टोपल्या ठेवल्या की झालं. बाकीच्या मार्गांचं त्या वर्षी जमण्यासारखं नव्हतं.

त्यावरून जेवणाचा बेतही ठरला. पुऱ्या गार झाल्या की चामट होतात. म्हणून मी गकरिया आणि वांग्याचं भरीत असा बेत केला. गकरिया म्हणजे जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर खरपूस भाजून तुपात बुडवलेले. हिवाळ्यात इकडे घरोघरी होतात आणि संध्याकाळपर्यंत चांगले राहतात. भरतासाठी वांगी आणि आलं बरुआसागरहून मागवायचं. केक होताच, तो काढला असता तर पोरं रडली असती.

बडे बाबूंना हे अजिबात रुचलं नाही. "साहेबांच्या पार्टीत गकरिया? लोक हसतील, बहनजी."

"हसतील आणि दोन जास्त खातील."

"आणि पदार्थ बिघडला तर?"

"तर माझं नाव सांगा."

संध्याकाळी ते आपणहून म्हणाले की गोवऱ्या माझ्या ओळखीच्या गवळ्याकडून आणतो, ओल्या निघाल्या तर सगळा धूर कंट्रोलमध्ये जाईल. हे मला सुचलं नव्हतं. मी त्यांना हात जोडले आणि चुलीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे दिली. मुलीच्या लग्नाची धावपळ सोडून त्यांनी ती केली.

घरी मी सांगितलं की आपल्याकडून मटारच्या करंज्या जातील. सासूबाईंनी विळीवरून मान वर केली. "ऑफिसला आपण फराळ पोचवायचा? कोणत्या शास्त्रात आहे हे?" आणि मग लगेच, "मटार किती आणायला सांगितलेस? तेवढ्याने काय होतंय!" आदल्या दिवशी त्या आणि शेजारच्या दोघी दुपारभर करंज्या भरत बसल्या होत्या. माझी लेक सारखी मध्ये येऊन विचारत होती, "आई, मैं भी चलूँगी ना?" आणि सासूबाई दर वेळी तिला सांगत होत्या, "मराठीत विचार, मग नेईल."

पार्टीच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोरचं घर दिसत नव्हतं. धुकं. झाशीत पडतं, पण इतकं दाट मी क्वचितच पाहिलं असेल. यांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली आणि म्हणाले, "आज गाड्यांचं काही खरं नाही." ऑफिसात पोचले तो कंट्रोलच्या खोलीतून एकच कल्लोळ ऐकू येत होता. सगळ्या गाड्या जिथल्या तिथे उभ्या होत्या. दुपारी ऊन पडलं आणि अडकलेल्या सगळ्या एकदम निघाल्या. जी वेळ मी आठवडाभर शोधून काढली होती, नेमक्या त्याच वेळी दद्दांच्या मार्गावर पाठोपाठ गाड्या लागल्या. दुपारची पॅसेंजर तर झाशीला यायचीच बाकी होती.

साहेबांनी मला वर बोलावलं. "आता मी काही त्या खुर्चीत बसू शकत नाही. गाड्यांचा असा गुंता मला सुटायचा नाही. पार्टी उद्यावर टाकू या?"

खाली अंगणात कणीक मळून झाली होती. निखारे फुलले होते. मी खिडकीतून ते बघितलं आणि माझं मन पक्कं झालं.

"उद्या धुकं पडणार नाही असं कोण सांगणार, सर? पार्टी आजच करू. फक्त सगळे एकदम बसायला नकोत. ज्यांना काम नाही ते आधी जेवतील. जे खुर्चीत आहेत ते मोकळे होतील तसे येतील. चूल काही विझत नाही."

"संध्याकाळ होईल."

"होऊ द्या. कंदील मागवते."

त्यांनी मान हलवली. मी खाली आले आणि बडे बाबूंना सांगितलं की भाजण्याचा वेग निम्मा करा, एकदम काढून ठेवू नका. रात्रीच्या पाळीचे लोक बायकामुलांना घेऊन आले होते, त्यांना पहिल्यांदा बसवलं. ऑफिसातल्या बायका या वेळी सगळ्या आल्या होत्या. दिवसाउजेडी, ऑफिसच्या अंगणात, तिथे यायला कुणाच्या घरून आडकाठी झाली नव्हती. एक पंजाबी टायपिस्ट पदर खोचून तूप वाढायला उभी राहिली ती शेवटपर्यंत बसली नाही. माझी लेक केकजवळ पहारा देत होती. लोक हसले की नाही ते मला माहीत नाही, पण वांग्याचं भरीत दुसऱ्यांदा करावं लागलं.

अधूनमधून मी वर जाऊन बघत होते. दद्दांची पाळी केव्हाच संपली होती. त्यांना सोडवायला आलेला तरुण कंट्रोलर शेजारी उभा होता, पण दद्दा उठत नव्हते.

"अर्धं गुंतलेलं सूत दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू जा बिन्नू, तुझे पाहुणे सांभाळ."

"तुमचं पान मांडून ठेवलंय."

"ठेव. मी येतो."

दिवेलागणीच्या सुमारास अखेर पॅसेंजर झाशीला आली. ती फलाटाला लागल्याचं कळल्यावरच मी टोपल्या भरायला घेतल्या, म्हणून सगळं गरम होतं. प्रत्येक टोपलीत गकरिया, भरीत, करंज्या, केकचा तुकडा आणि वरून पळसाची पानं. गार्डसाहेबांना मी त्यांचं पान आधी हातात दिलं आणि मग टोपल्या डब्यात चढवल्या. "इतका सुगंध घेऊन मी मऊरानीपूरपर्यंत जायचं?" असं ते कुरकुरले, पण प्रत्येक टोपली त्यांनी स्वतः नीट लावून घेतली.

अंगणात परतले तेव्हा कंदील लागले होते. गर्दी ओसरली होती, पण गेलं कुणीच नव्हतं. चुलीभोवती सगळे हात शेकत बसले होते. आता त्या मार्गावर ती पॅसेंजर सोडली तर काही नव्हतं. मी वर गेले. दद्दा हेडफोन काढत होते. साहेब कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवत होते.

"तुम्ही दोघंही जा," साहेब त्या तरुण कंट्रोलरलाही म्हणाले. "एक पॅसेंजर मला जमेल."

दद्दा आणि तो पोरगा एकाच पंगतीला बसले. दद्दा हळूहळू जेवले. गकरिया फोडून बोटाने त्यातली वाफ बघितली आणि म्हणाले, "आमच्या गावच्या इतकी नाही, पण चांगली आहे." त्यांच्याकडून हे फार होतं. बडे बाबूंचा चेहरा उजळला.

जेवण उरकून ते दोघं वर गेले, मी पण गेले. साहेबांच्या कपाळाला त्या थंडीतही घाम आला होता. मी जास्तीचा हेडफोन कानाला लावला तेव्हा लाइनवर कुणीतरी त्यांना विचारत होतं, "यह कौन नया आदमी बैठा है? ज़रा ज़ोर से बोलो भाई!"

"नया नहीं, पुराना हूँ," साहेब आपल्या मद्रासी हिंदीत म्हणाले. तक्त्यावरची त्यांची रेघ थोडी वाकडी होती. खोलीतले सगळे कंट्रोलर तोंड फिरवून हसत होते.

मग एकेका स्टेशनावरून पॅसेंजर निघाल्याची वेळ येऊ लागली, आणि वेळेच्या मागोमाग टोपलीची पोच. कुणी म्हणालं, करंजी कुणाच्या घरची? कुणी म्हणालं, रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनने दोन वेळा आशीर्वाद दिलाय. थट्टा करणाऱ्या त्या लहान स्टेशनवर गाडी पोचली, निघाली. त्यानंतर त्या मास्तरने सुटल्याची वेळ दिली. मग म्हणाला, "कंट्रोल, टोपली मिळाली. मला खरंच वाटलं नव्हतं येईल असं." आणि पुढे, "तिकडे काय चाललंय? इथे तर मी आणि कुत्रा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी दद्दांकडे. दद्दांचा गळा चांगला होता हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं; होळीच्या दिवसांत त्यांना गावोगावी बोलावणी यायची. ही लाइन फक्त कामापुरती होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी तक्त्यावर एकदा बोट फिरवलं. पॅसेंजर पुढच्या स्टेशनाकडे चालली होती, तिला पोचायला अवकाश होता.

"तोपर्यंत," ते म्हणाले, आणि हेडफोन दद्दांच्या हाती दिला.

दद्दा उभ्यानेच गायले. बुंदेली गाणं होतं, नदीच्या पलीकडे राहिलेल्या सख्ख्या बहिणीचं. आवाज त्यांनी फार चढवला नाही. एकच कडवं म्हटलं असेल. संपल्यावर लांबच्या कुठल्याशा स्टेशनवरून कुणीतरी हळूच "वाह दद्दा" म्हटलं, आणि मग एकामागून एक सगळीकडून तेच. दद्दांनी हेडफोन त्या तरुण कंट्रोलरला दिला, खोकला काढत मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि घरी जायला निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी अंगणात खाली आले. टायपिस्ट शेवटी एकदाची जेवायला बसली होती. लेक एका बाकावर झोपली होती, तिला यांनी खांद्यावर घेतलं. मला दमल्यासारखं वाटत होतं, पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की मी जसं ठरवलं तसं काहीच झालं नाही आणि तरी सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसते न बसते तोच साहेबांचं बोलावणं आलं. मला वाटलं गाण्याबद्दल वरून काही विचारणा झाली. आत गेले तर साहेब हातात पेन्सिल फिरवत बसले होते.

"तक्रार आली आहे," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "ग्वाल्हेरकडचे स्टेशनमास्तर विचारताहेत, एकाच मार्गाला जेवण का? बीनाकडचेही. कानपूरकडच्यांनी तर सकाळपासून कंट्रोलरला भंडावून सोडलंय. त्यांना काय सांगू?"

"पुढच्या वर्षी सगळ्या मार्गांना जाईल म्हणून सांगा, सर."

"जमेल?"

"जमेल. पण गोवऱ्या आत्तापासून सांगून ठेवायला हव्यात, आणि मला प्रत्येक मार्गाचा एकेक माणूस मदतीला द्या. तूप वाढायला मात्र मी माणूस शोधलाय."

ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मी बाहेर आले आणि बडे बाबूंच्या टेबलाशी जाऊन त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती कोण बघणार ते विचारलं.